तुम्हाला चालेल का?

मागच्या डिसेंबरात आम्ही चार दिवसांसाठी कोकणात गेलो होतो. श्रीवर्धन तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर एक अख्खं घर भाड्याने घेतलं होतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण दोष गावाचा नव्हता. आम्ही पाच जण होतो. मी, बायको, दोन मुलं आणि अम्मी. घरमालक मुंबईत राहणारे. सगळा व्यवहार फोनवर झाला, पैसे आधीच भरले, चावी कुठे ठेवली आहे त्याचा फोटोही आला. ‘दुपारी दोननंतर कधीही या’ असं त्यांनी लिहिलं होतं. त्या ‘कधीही’वर आम्ही विसंबलो.

पुण्यातून चारला निघालो. ताम्हिणी घाटात एक ट्रक बंद पडला होता, तिथे दोन तास गेले. माणगावला पोचलो तेव्हा पावणेदहा झाले होते. हॉटेलं उघडी होती, पण मुलं झोपली होती. मी म्हणालो, ‘तासाभरात पोचतोय, तिथेच काहीतरी मागवू.’ हे शहरातलं डोकं. फोनवर बोट फिरवलं की अर्ध्या तासात दारात जेवण येतं, याची इतकी सवय झाली आहे की जिथे ती सोय नाही तिथेही ती असेल असं आपण धरून चालतो. म्हसळ्याच्या आसपास अम्मीने जेवणाआधीची साखरेची गोळी घेतली, कारण नकाशा पंचवीस मिनिटं दाखवत होता. पुढे एक वळण चुकलं. घरात शिरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते.

घर सुंदर होतं. एसी होता, मऊ गाद्या होत्या, वायफायचा पासवर्ड फ्रेम करून भिंतीवर लावला होता. स्वयंपाकघरात शेगडी, पातेली, डझनभर कप. मात्र खायला काही नाही. चहा नाही, तांदूळ नाही, काडेपेटी नाही, फिल्टरची टाकी कोरडी. एका डब्यात पाणी सुटलेलं मीठ आणि दुसऱ्यात आधीच्या कुणीतरी मागे ठेवलेली, गोळा झालेली साखर.

त्या साखरेनेच रात्र निभावली. अम्मी पलंगावर बसली आणि म्हणाली, ‘बेटा, मला कसंतरी होतंय.’ हात थरथरत होते, कपाळावर घाम होता. मशीन लावलं तर आकडा 58. घरात मधुमेही माणूस असलेल्यांना हे नवीन नाही. गाडीतल्या बाटलीच्या तळाशी राहिलेल्या पाण्यात तीन चमचे साखर ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं. आकडा 91 झाला. पण साखरेचं पाणी म्हणजे जेवण नव्हे. वर काहीतरी खावं लागतं, नाहीतर आकडा पुन्हा घसरतो. वाटेतली बिस्किटं मुलांनी घाटातच संपवली होती.

मी बाहेर आलो. जांभ्याच्या कमरेएवढ्या गडग्यापलीकडे एक घर होतं. अंगणात तुळस, ओटीवर दिवा. आत माणसं जागी होती, भांड्यांचा आवाज येत होता. मी त्यांच्या फाटकाशी दोनेक मिनिटं उभा राहिलो आणि हाक न मारता परत फिरलो. गाडी काढली, सहा-सात किलोमीटरवरच्या मोठ्या गावात गेलो. फळी लावत असलेल्या एका पानवाल्याकडे पावाची लादी आणि बिस्किटाचे दोन पुडे मिळाले. अम्मीने पहिला घास खाल्ला तेव्हा बारा वाजले होते.

सकाळी त्या घरातल्या काकू आल्या. भाड्याच्या घराची झाडलोट त्याच बघतात हे तेव्हा कळलं. त्यांनी विचारलं, ‘रात्री फार उशीर झाला का हो? मी दहा-साडेदहापर्यंत आमटीभात झाकून ठेवला होता.’

मी चकित झालो. म्हटलं, ‘मग सांगितलं का नाहीत?’

त्या थोड्या अवघडल्या. ‘मालकांनी तुमचं नाव सांगितलं. म्हटलं, आमच्याकडचं तुम्हाला चालेल की नाही कोण जाणे. विचारायचं आणि तुम्हाला उगाच संकोच.’ मग म्हणाल्या, ‘तुम्ही फाटकाशी उभे होतात ना? मी बघितलं. मला वाटलं, मोबाईलला रेंज शोधताय.’

अम्मीचं काय झालं ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. अर्ध्या तासात गरम घावणे आणि नारळाचा रस आला.

या प्रसंगात वाईट माणूस कोणीच नाही. काकूंनी अन्न राखून ठेवलं होतं. आम्हाला अन्न हवं होतं. मध्ये कमरेएवढा गडगा होता. तरीही एक आजारी म्हातारी तासभर उपाशी राहिली, कारण दोन्हीकडच्या माणसांनी एक साधा प्रश्न मनातल्या मनात विचारला आणि त्याचं उत्तरही मनातल्या मनातच देऊन टाकलं. ‘चालेल का?’

त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनी सांगितलं. माझ्या मनात काय होतं तेही सांगायला हवं. मी परत फिरलो तो केवळ रात्र झाली म्हणून नव्हे. शहरात भाड्याने घर शोधताना नाव ऐकल्याबरोबर ‘अहो, कालच दिलं’ हे उत्तर मी तीनदा ऐकलं आहे. आवाजात राग नसतो, शिवी नसते. फक्त घर कालच गेलेलं असतं. अशा अनुभवातून माणूस एक गोष्ट शिकतो. नकार येण्याआधी आपणच मागे फिरायचं, म्हणजे अपमान होत नाही. त्या रात्री मी तेच केलं. काकूंनी मला नाकारलं नव्हतं. मीच त्यांच्या वतीने मला नाकारलं. ज्यांनी पूर्वी नकार दिला त्यांचा हिशेब मी एका अनोळखी बाईकडून वसूल केला आणि त्याची किंमत माझ्या आईने मोजली.

आपल्या बाजूचंही थोडं बोलू. हिंदू शेजाऱ्याला ‘आमचं यांना चालेल का’ असं वाटतं, त्यात आपला वाटा नाही का? लग्नाच्या पंगतीत ताटाकडे संशयाने बघणारे, साध्या डाळीबद्दलही चार प्रश्न विचारणारे नातेवाईक आपल्या घरात आहेत. समोरच्याला मग वाटतं, न विचारलेलंच बरं. खरं तर नियम किती सोपा आहे. डुक्कर आणि दारू नको, आणि मांस असेल तर ते हलाल हवं. वरण, भात, भाजी, भाकरी, अंडी, दूध यांचा प्रश्नच येत नाही. मासळीला तर जबिहाही लागत नाही. म्हणजे कोकणातल्या कुठल्याही घरात जे रोज शिजतं, त्यातलं बहुतेक सगळं आपल्याला चालतं. हे आपण कधी नीट सांगितलं आहे का?

ईदला आपण शाकाहारी मित्रांसाठी वेगळ्या पातेल्यात पुलाव करतो, पळीही वेगळी ठेवतो. त्यांच्याकडे गेलो की तेही आपली चौकशी करतात. ओळखीच्या माणसांत हे सगळं सहज जमतं. अनोळखी माणूस समोर आला की दोघांचीही जीभ अडते. आणि प्रवासात तर सगळे अनोळखीच असतात.

जुन्या लोकांना ही अडचण ठाऊक होती. शेरशाह सूरी 1540 ते 1545 अशी जेमतेम पाच वर्षं दिल्लीच्या तख्तावर होता. त्याने रस्त्यांवर दर दोन कोसांना सराया बांधल्या. त्यांत हिंदू आणि मुसलमान प्रवाशांची राहण्याची, खाण्यापिण्याची सोय वेगवेगळी होती. हिंदूंसाठी गरम-थंड पाणी आणि अन्न द्यायला ब्राह्मण नेमले होते आणि घोड्यांसाठी दाणाही मिळत असे. आज आपल्याला ती वेगळी चूल नको वाटेल, नकोच वाटावी. पण रात्री कुणीतरी येणार, तो भुकेला असणार, आणि त्याला काय चालतं हे आधीच माहीत असायला हवं, एवढा विचार तिथे केलेला होता. आमच्या भाड्याच्या घरात वायफाय होतं, हा विचार नव्हता.

इस्लामनेही मुसाफिराला वेगळी जागा दिली आहे. प्रवासात चार रकात फर्ज नमाज दोनची होते, रोजा पुढे ढकलता येतो. जकात ज्या आठ प्रकारच्या लोकांना देता येते, त्यांत अडचणीत सापडलेला मुसाफिर आहे, मग तो आपल्या गावी सुखवस्तू का असेना. पाहुण्याची खास बडदास्त पहिल्या दिवस-रात्रीची, असं हदीसमध्ये येतं, आणि पाहुणचार तीन दिवसांचा. पहिल्या रात्रीला एवढं महत्त्व का, ते मला त्या डिसेंबरात कळलं. दुसऱ्या दिवशी माणूस आपलं आपण बघू शकतो. पहिल्या रात्री त्याला दुकान ठाऊक नसतं, रस्ता ठाऊक नसतं, कोणाला हाक मारावी हेही ठाऊक नसतं.

हजरत इब्राहीम यांच्या पाहुण्यांची गोष्ट कुरआनात आहे. अनोळखी माणसं दारात आली. इब्राहीम गुपचूप घरात गेले आणि भाजलेलं वासरू घेऊन आले. ‘तुम्हाला चालेल का’ असं विचारत दारात उभे राहिले नाहीत. पाहुणे हात लावेनात तेव्हा मात्र त्यांनी तोंडाने विचारलं, खात का नाही? आधी समोर ठेवा, मग विचारा, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो.

आता कामाचं बोलू. जे लोक घरं भाड्याने देतात त्यांना माझं सांगणं आहे. भिंतीवर पासवर्डाशेजारी आणखी चार ओळी लिहा. दुकान किती वाजता बंद होतं, रात्री जेवण कोण करून देईल, दवाखाना कुठे आहे, शेजारी कोणाला हाक मारायची. फळीवर चहा, साखर, पोहे, तांदूळ, मूगडाळ, दुधाची पावडर, काडेपेटी आणि पिण्याच्या पाण्याची भरलेली कळशी ठेवा. एका एसीच्या एका दिवसाच्या भाड्यात हे महिनाभर पुरेल. घरात मांसमच्छी शिजवायची नसेल तर तसं आधी स्पष्ट सांगा. तो तुमचा अधिकार आहे, आम्हाला राग येत नाही. राग दारात पोचल्यावर कळलं की येतो.

जाणाऱ्यांनी पहिल्या रात्रीची पिशवी वेगळी बांधावी आणि ती वाटेत उघडू नये. खजूर, चिक्की, पोहे, बिस्किटं, दोन बाटल्या पाणी, औषधं, बॅटरी, थोडी सुटी रोकड. रेंज नसेल तर फोनमधले पैसे कामाचे नाहीत. कोकणात घरगुती जेवण हवं असेल तर ते आधी सांगावं लागतं, कारण मासळी आणि नारळ सकाळीच बघावे लागतात. उशीर होतोय असं दिसलं की निघालेल्या वाटेवरूनच फोन करावा आणि एक वाक्य आपणहून म्हणावं, ‘तुमच्याकडे जे असेल ते आम्हाला चालेल.’ आणि मधुमेही माणसाने जेवण समोर आल्याशिवाय जेवणाआधीची गोळी घेऊ नये. नकाशावरच्या पंचवीस मिनिटांवर तर मुळीच नाही.

उरलेले तीन दिवस आम्ही काकूंकडेच जेवलो. एका संध्याकाळी अम्मीने त्यांच्या चुलीवर शीरखुर्मा केला. काकूंनी आधी विचारलं, ‘यात काय काय असतं हो?’ अम्मीने सांगितलं, दूध, शेवया, खजूर, सुका मेवा, तूप. ‘मग चालेल की,’ म्हणत त्यांनी वाटी पुढे केली. प्रश्न तोच होता. या वेळी तो मोठ्याने विचारला गेला, एवढाच फरक.

निघताना आम्ही फळीवर चहा, साखर, पोहे आणि काडेपेटी ठेवून आलो. पुढच्या खेपेला उशीर झाला तर मी फाटकाशी उभा राहणार नाही, हाक मारीन.