आजोबांच्या डब्यातलं नाणं: लाखाचं की फक्त चांदीच्या भावाचं?

‘ट्रॅक्टरचं चित्र असलेली ५ रुपयांची नोट द्या आणि लाखो रुपये घ्या.’ ‘नोटेच्या नंबरात ७८६ असेल तर घरबसल्या श्रीमंत व्हा.’ असे व्हिडिओ तुमच्याही मोबाईलवर आले असतील. मग आजी-आजोबांनी जपून ठेवलेला डबा बाहेर निघतो. त्यातल्या नाण्यांना खरंच किंमत आहे का, हे कसं ओळखायचं?

फसवणूक कशी होते?

यात नोट विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागितले जातात. कधी नोंदणी फी, कधी कमिशन, कधी टॅक्स. विश्वास बसावा म्हणून रिझर्व्ह बँकेचं नाव आणि लोगो वापरला जातो. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि शुल्क किंवा कमिशन घ्यायचा अधिकार कोणालाही दिलेला नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला होता. खरा खरेदीदार पैसे देतो, मागत नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

जुनं म्हणजे महाग का?

नाही. किंमत वयावरून ठरत नाही. तशी किती नाणी शिल्लक आहेत, नाणं किती झिजलंय आणि ते हवं असणारे संग्राहक किती आहेत, यावर ती ठरते. म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीचा तांब्याचा पैसा अनेकदा किरकोळ भावात मिळतो.

राणीछाप रुपयाचं काय?

इथे आधी साल पाहा. १८६२ पासून १९३९ पर्यंतच्या ब्रिटिश रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच. वाघाचं चित्र असलेला १९४७ चा रुपया निकेलचा आहे. तो लोहचुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. चांदीच्या नाण्याला निदान धातूचा भाव मिळतो. त्याहून जास्त मिळेल का, हे साल, टांकसाळ आणि अवस्था ठरवते. १९३९ चा रुपया दुर्मिळ मानला जातो, पण त्याच्या नकलाही खूप आहेत.

कायदा काय सांगतो?

२०१६ साली बंद झालेल्या ५०० आणि १००० च्या मिळून १० पेक्षा जास्त नोटा बाळगणं २०१७ च्या कायद्याने गुन्हा आहे. अभ्यास, संशोधन किंवा नाणेसंग्रहासाठी ही मर्यादा २५ नोटांची आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात, ती परदेशी खरेदीदाराला पाठवता येत नाहीत. जुना वाडा पाडताना भिंतीत किंवा जमिनीत नाणी सापडली, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

मग करायचं काय?

नाणं घासू नका, चिंचेने किंवा पावडरने चमकवू नका. त्याने संग्राहकांच्या दृष्टीने किंमत कमी होते. नोटेला टेप लावू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, वजन करा. मग लिलावात प्रत्यक्ष मिळालेले भाव पाहा. जाहिरातीत मागितलेला भाव म्हणजे मिळालेला भाव नव्हे. नाणी प्रदर्शनात किमान दोन-तीन जाणकारांना दाखवा आणि त्यानंतरच विकायचं की जपायचं ते ठरवा.