दोरी आहे म्हणून काय झालं?

"अहो, पण दोरी आहे ना!" पालो आल्टोच्या बेलॅन्ड्समध्ये हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. म्हणणाऱ्यांत आपली मराठी मंडळीही भरपूर.

आधीच सांगतो, मी कुत्राद्वेष्टा नाही. आमच्या घरी मोती आहे, लॅब्राडोर, आणि माझ्यापेक्षा त्याचेच लाड जास्त होतात. बेलॅन्ड्सची पायवाट म्हणजे कुत्रेवाल्यांची चंगळच. सपाट, रुंद, चढ नावाला नाही. आजी-आजोबा आणि बाबागाड्यासुद्धा आरामात जातात. कुत्रा दोरीला असला की नियमाप्रमाणे सगळं ठीक. माझं भांडण आहे ते इथेच. दोरी कुत्र्याला धरून ठेवते. पक्ष्याला तिचं काय?

पायवाटेलगतच्या खारट चिखलात रिजवेज रेल नावाचा पक्षी राहतो. आपल्या पाणकोंबडीच्या गोतातलाच, पण फार दुर्मिळ. सॅन फ्रान्सिस्को उपसागराची बहुतेक दलदल दीडशे वर्षांत भराव घालून आणि मिठागरं करून संपवली गेली, उरलेल्या तुकड्यांत हा कसाबसा तग धरून आहे. त्यात बाहेरून आणलेला लाल कोल्हा त्याच्या मुळावर उठला. शेजारच्या सरकारी अभयारण्याला १९९१ पासून त्या कोल्ह्यांचा बंदोबस्त करावा लागला. आता मला सांगा, चार पायांचं, केसाळ, नाक जमिनीला लावून हुंगत येणारं जनावर दिसलं की तो पक्षी काय समजणार? 'हा मोती, फार गुणी आहे हो', असं?

"पक्ष्यांना सवय होते" हा दुसरा ठरलेला युक्तिवाद. सिडनीजवळच्या रानांत बँक्स आणि ब्रायंट या दोघांनी हेच तपासून २००७ साली छापलं. दोरीला बांधलेलं कुत्रं नेलं तर पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि संख्या ४१ टक्क्यांनी कमी दिसली. माणसं नुसती चालली तेव्हाही पक्षी घटले, पण निम्म्याहून कमी. आणि जिथे रोज कुत्री फिरतात तिथेही तेच! मग सवय झाली कुठे? ती रानं होती, दलदल नव्हे, हे मान्य. पण जमिनीलगत राहणाऱ्या पक्ष्यांना सगळ्यात जास्त त्रास झाला, आणि आमचा रेल तर उडायचाही आळस करणारा.

खरा घोळ होतो उधाणाला. डिसेंबर-जानेवारीत इथे 'किंग टाइड' येते, वर्षातली सगळ्यात मोठी भरती. रेल एरवी ज्या झुडपांत लपतो ती पाण्याखाली जातात, आणि बिचारा कडेकडेने वर सरकत पार पायवाटेजवळ येऊन बसतो. खारट दलदलीतले इवलेसे उंदीरही तसेच. तेही संकटग्रस्त यादीतले. वर घारीसारखे शिकारी पक्षी घिरट्या घालतच असतात. अशा वेळी सहा फुटांवर कुत्रा आला की त्याने जायचं कुठे? मागे पाणी, पुढे मोती. उघड्यावर पळाला की वरचा टपलेलाच आहे. कुत्र्याने दात लावायचीही गरज नाही.

बाराही महिने बंदी घाला असं मी म्हणत नाही. (पलीकडे माउंटन व्ह्यूच्या शोरलाइन पार्कात वाटांवर पाळीव कुत्र्यांना बंदी आहे. म्हणून तिथली कुत्री काही उदास झालेली दिसत नाहीत.) पण उधाणाच्या तारखा आणि वेळा वर्षभर आधी छापून येतात, त्या काही अचानक उपटत नाहीत. तेवढ्या दिवशी भरतीचे ते तीन-चार तास कुत्र्यांना ही वाट बंद ठेवायला नगरपालिकेला काय हरकत आहे? मतं जातील, हीच ना? मोतीला आम्ही त्या दिवशी गल्लीतच फिरवतो, एकेका खांबापाशी पाच-पाच मिनिटं थांबत.

'कुत्रा दोरीला बांधा' अशी पाटी तिथे आहेच. तिच्याखाली अजून दोन ओळींना भरपूर जागा आहे.