पतंग केवढा घ्यावा?

एका स्नेह्यांचे चिरंजीव गोव्यांत मोरजी येथें काइटबोर्डिंग, म्हणजे पतंगाच्या ओढीनें फळीवर उभे राहून समुद्रावर धांवण्याचा खेळ, शिकत आहेत. १२ चौरस मीटरांचा एकच पतंग सर्वत्र चालेल, असें विक्रेत्यानें त्यांस सांगितलें. आमच्या मतें हा सल्ला घातक होय. मोरजीचा दुपारचा समुद्रवारा ताशीं २५ किलोमीटरांच्या आसपास. तेथें ७० किलोच्या तरुणास तो पतंग योग्यच. परंतु ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. रामेश्वराकडे नैर्ऋत्येचा वारा ताशीं ४० वर गेला कीं ओढ अडीच पट! तेथें ८ चा पुरे. पहांटे मात्र वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि पडलेल्यास आंत नेतो. त्या वेळीं पतंग, लहान असो वा मोठा, पिशवींतच राहूं द्यावा.