लॅम्डाचा रकाना कोण भरतो?

या महिन्याच्या टपालात दुसरा विषयच नाही. ई२० आल्यापासून ईसीयू बदललेल्या गाड्या पळत नाहीत, ॲव्हरेज पडले, लॅपटॉपवर आकडे चोख दिसतात तरी प्लग पांढरेफटक निघतात. बहुतेक पत्रांचा निकाल एकच : इथेनॉलने वाट लावली.

ग्राहकाला निवड ठेवली नाही, हा राग रास्त आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर आलेले ई२० पेट्रोल २०२५ मध्ये गावोगावी पोचले आणि ई१० दिसेनासे झाले. पण रागावून मॅप सुधारत नाही. ई१०चे स्टॉइकिओमेट्रिक प्रमाण साधारण १४.१, ई२०चे १३.५. म्हणजे जुन्या मॅपवर इंजिन ४ टक्क्यांहून थोडे अधिक लीन. क्रूझला क्लोज्ड लूप ते सांभाळून घेते. पूर्ण थ्रॉटलला बहुतेकांचा मॅप ओपन लूप असतो, तिथे ०.८७ लॅम्डाचे ०.९१ होते. एवढा दोष इंधनाचा. बाकीचा आपला.

काही व्यवसायबंधूंनी १३.५ हा आकडा ऐकला आणि क्रूझचे टार्गेटच १३.५ करून टाकले. अहो, टाकीत काय आहे हे मीटरला कळत नाही. सेन्सरला लॅम्डा समजतो. मीटर त्याला १४.७ ने गुणून आकडा दाखवतो. ई२० भरले तरी लॅम्डा १ ला मीटर १४.७ च दाखवणार. तिथे १३.५ मागितले की गाडी ०.९२ लॅम्डावर चालते, जवळपास ९ टक्के पेट्रोल जास्त पिते, आणि मग आम्हाला पत्र येते की ॲव्हरेज पडले!

पांढऱ्या प्लगांची कथा याच्या उलट. एईएमच्या एक्स-सिरीज मीटरचे समीकरण व्होल्ट गुणिले २.३७५ अधिक ७.३१२५. इनोव्हेट एलसी-२ च्या ०–५ व्होल्टच्या तारेचा पल्ला ७.३५ ते २२.३९. कंट्रोलर इनोव्हेटचा आणि ईसीयूत कोष्टक एईएमचे राहिले, तर लॅपटॉप १२.५ दाखवत असताना सायलेन्सरमध्ये १३.९ चाललेले असते. त्यात हीटरचा करंट आणि सिग्नल एकाच अर्थवरून परत आणला की ०.१ व्होल्टचा फरक सहज पडतो. म्हणजे पाव पॉइंट गेला. कंट्रोलरला कॅन आउटपुट असेल तर तेच वापरा. नसेल तर सिग्नलचा अर्थ ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडलाच द्या. एलएसयू ४.९ चा कनेक्टर कापून तारा पिळणाऱ्यांना तर हात जोडतो : कॅलिब्रेशनचा रेझिस्टर त्या कनेक्टरमध्येच असतो.

आता खऱ्या दुखण्याकडे. बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल गाडीची पीयूसी दोन टप्प्यांत व्हायची असते. आयडलला सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएमच्या आत. मग २५०० आरपीएमला, २०० इकडेतिकडे, सीओ ०.२ टक्के आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३. हा लॅम्डा मशीन आपल्या सेन्सरला विचारत नाही. सीओ, कार्बन डायऑक्साइड, एचसी आणि ऑक्सिजन या चार वायूंवरून हिशेबाने काढते. कॅटमधून गेल्यावरही तो हिशेब मोडत नाही. म्हणजे आपला वाइडबँड खरे बोलतो की नाही हे पडताळायला लहान गॅरेजवाल्याने महागडा ॲनालायझर घ्यायची गरजच नव्हती. पीयूसीच्या फीमध्ये तालुक्याच्या गावी ही सोय मिळायला हवी होती.

मिळते काय? अनेक केंद्रांवर प्रोब आयडलला घालतात, नंबरप्लेटचा फोटो काढतात आणि पावती हातात देतात. ॲक्सिलरेटरला कोणी पाय लावत नाही. आरपीएमची पिन खुंटीला. तरी प्रमाणपत्रावर २५०० च्या आसपासचा आकडा आणि शेजारी देखणा लॅम्डा छापून येतो. फोटो सक्तीचा, मोबाइल नंबर सक्तीचा, ऑनलाइन नोंद सक्तीची. मोजणी तेवढी ऐच्छिक! केंद्रावर तपासणीला येणारे अधिकारी मशीनच्या कॅलिब्रेशनचा कागद बघतात. एकदा तरी समोर गाडी उभी करून दोन्ही टप्पे करून दाखवायला सांगा की.

आपल्यातल्या काहींना हा ढिसाळपणा सोयीचा वाटतो, हेही लिहिलेच पाहिजे. कॅट कापायचा, मागच्या सेन्सरखाली स्पेसर घालायचा आणि ओळखीच्या केंद्रातून पीयूसी आणायची. कलम ५२ आपल्यावर टांगलेलेच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२-अ खाली गाडीमालकाला अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. उद्या आपण नियमात सुधारणा मागायला गेलो, तर समोरचा पहिल्यांदा आपल्या गाड्यांचा धूर हुंगणार आहे. तेव्हा दाखवायला खरे आकडे हवेत.

म्हणून या महिन्यापासून एवढे कराच. जॉब कार्डवर एएफआर लिहिणे बंद, लॅम्डा लिहा. ट्यूनिंगला हात घालण्याआधी सेन्सरच्या पुढची गळती बघा आणि मिसफायर काढा; दोन्ही गोष्टी सेन्सरला लीन भासतात आणि क्लोज्ड लूप भाबडेपणाने पेट्रोल ओतत बसते. सुधारणेची मर्यादा ५ टक्क्यांवर बांधा; त्याहून जास्त लागत असेल तर मॅप चुकला आहे. पीयूसीला गाडी स्वतः घेऊन जा, आरपीएम २५०० वर धरून लॅम्डा मोजायला लावा आणि तो लॅपटॉपच्या आकड्याशी ताडून बघा. केंद्राने नकार दिला तर तारीख घालून आरटीओकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या आणि त्याची प्रत आमच्याकडे पाठवा. ती आम्ही छापू. कंट्रोलर कोणता, अर्थ कुठे दिला आणि २५०० ला लॅम्डा किती, हे न लिहिता आलेले ई२०वरचे पत्र मात्र पुढच्या अंकापासून छापले जाणार नाही.