आंब्याच्या पूर्वेला पंचवीस पावलं

“फुफी, इथं बघण्यासारखं काय आहे?”

गेल्या मे महिन्यात मुंब्र्याहून आलेल्या माझ्या भाच्याने हे विचारलं, तेव्हा अब्बा पडवीतच बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. त्यांचे दोन्ही भाऊ पोटासाठी कुवेतला गेले, मुलगे मुंबईला. रत्नागिरीच्या खाडीकाठचं हे गाव सोडलं नाही ते फक्त अब्बांनी. आणि नातवंडं तर मोबाईलला रेंज मिळते त्या पडवीच्या एका कोपऱ्यापलीकडे जायला तयार नव्हती.

मी भूगोल शिकवते. दिशा, प्रमाण, स्थलनिर्देशक नकाशा हे सगळं फळ्यावर. मुलं गुण मिळवतात आणि शाळेबाहेर आल्यावर उत्तर कुठे ते सांगू शकत नाहीत. त्या दिवशी मला डार्टमूर आठवलं.

इंग्लंडच्या नैऋत्येला हा ओसाड माळ आहे. ग्रॅनाइटचे सुळके, दलदल, मेंढ्या आणि मोकळी फिरणारी तट्टं. १८५४ साली चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या आडबाजूच्या जागी एक बाटली ठेवली. इथवर चिखल तुडवत जो पोहोचेल त्याने आपलं कार्ड तिच्यात टाकायचं. पुढे लोक पत्ता लिहिलेली पत्रं ठेवू लागले. नंतर येणारा ती उचलून टपालात टाकायचा. म्हणून या खेळाचं नाव लेटरबॉक्सिंग. आज त्या माळावर हजारो डबे लपवलेले आहेत. प्रत्येकात एक रबरी शिक्का आणि एक वही. डबा सापडला की आपला शिक्का त्या वहीत मारायचा, त्याचा आपल्या वहीत, आणि डबा होता तिथेच परत ठेवायचा. खुणा असतात त्या नकाशावरचे आकडे, होकायंत्राचा कोन आणि पावलं. बक्षीस म्हणाल तर काहीच नाही.

याचंच नवं रूप म्हणजे जिओकॅशिंग. उपग्रहांच्या जीपीएस संदेशात अमेरिकेने मुद्दाम ठेवलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगन राज्यात डेव्ह उल्मर याने जंगलात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. आता ते जगभर चालतं. मला मात्र मोबाईलच बाजूला ठेवायचा होता, म्हणून आम्ही १८५४ मध्येच राहिलो.

आइस्क्रीमचे रिकामे आठ डबे घेतले. खोडरबर कोरून शिक्के केले: मासा, काजू, होडी, चंद्रकोर. खुणा कोण देणार? अब्बा. सुरुवातीला “मला काय कळतंय त्यातलं” म्हणाले. मग रात्री जेवणानंतर जे सुरू झाले ते थांबेनात. कुठल्या पाखाडीला किती पायऱ्या, पऱ्या कुठे दोन फाट्यांत फुटतो, कुठला गडगा त्यांच्या आजोबांनी रचलेला. शेतांची नावं तर मीही पहिल्यांदा ऐकली. सातबाऱ्यावर नुसते गट नंबर, त्यात ‘म्हातारीचा मळा’ कुठून येणार!

धाकट्या वहिनीला वेगळीच काळजी. “मुलग्यांचं ठीक आहे, पण आपल्या पोरी सड्यावर?” तिची मोठी चौदा वर्षांची. काळजी खोटी नव्हती. म्हणून ठरलं, एकटं कोणी नाही, चौघांचा गट, ऊन चढायच्या आत घरी. गडग्याच्या फटीत हात घालायचा नाही, काठीने चाचपायचं. मे महिन्यात सापही सावलीच शोधतो. चिरेखाणीकडे फिरकायचं नाही. ज्याची आमराई त्याला आधी विचारायचं. आणि डार्टमूरचा नियम आमचाही: जुन्या दगडांना धक्का नाही. आमच्या सड्यावर कातळशिल्पं नाहीत, पण जिल्ह्यात अनेक ठिकाणी आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यांतली कितीतरी अभ्यासकांना गावकऱ्यांना विचारत फिरतानाच सापडली.

फजरनंतर मी डबे लपवायला निघाले. सात झाले. आठवी खूण अब्बांच्या लाडक्या रायवळ आंब्याची: ‘आंब्याच्या पूर्वेला पंचवीस पावलं.’ सड्यावर चढले आणि थबकले. आंबा नव्हता. बुंधा तेवढा जमिनीलगत, तोही जुना, करडा पडलेला. गुडघ्यांमुळे अब्बा कितीतरी वर्षांत वर आले नव्हते आणि त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. परत जाऊन सांगावं की खूण बदलावी? मी दोन्ही केलं नाही. बुंध्यापासून पंचवीस पावलांवर डबा ठेवला आणि गप्प घरी आले. हे माझं चुकलंच. जे मला सांगायला जड गेलं ते मी पोरांवर टाकलं.

पोरांनी सात डबे साडेनऊच्या आत शोधले. आठव्याला खूप वेळ लागला. शेवटी भाचीनेच बुंधा हेरला. घामाघूम होऊन आली आणि पडवीतच म्हणाली, “दादाअब्बा, तुमचं झाड नाहीये. कापलंय.”

अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “बुंधा केवढा होता?”

कोणी मोजला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पोरं सुतळी घेऊन पुन्हा वर गेली, कोणी न सांगता. बुंध्याभोवती सुतळी फिरवली, गाठ मारली आणि ती अब्बांच्या हातात दिली. अब्बांनी ती स्वतःच्या हाताने वीत-वीत मोजली. म्हणाले, “माझ्या लहानपणी दोघांच्या कवेत मावायचा.” मग त्याच्या आंब्यांच्या रसाचं, त्याच्या सावलीत बसणाऱ्या गुराख्यांचं, त्यावरून पडून मोडलेल्या हाताचं सगळं निघालं. भाचा त्या दिवशी रेंजच्या कोपऱ्यात नव्हता.

तिसऱ्या दिवशी अब्बा काठी घेऊन निघाले. पाखाडीवर चार ठिकाणी बसले. दोन पोरं पुढे, दोन मागे. बुंध्याजवळ पोहोचल्यावर पंचवीस पावलं त्यांनी स्वतः मोजली, तर डबा चार पावलं पुढे राहिला. “तुझी पावलं मोठी,” मला म्हणाले. मग वहीत चंद्रकोरीचा शिक्का मारला, खाली तारीख टाकली, उर्दूत सही केली.

यंदाच्या सुट्टीला अजून वेळ आहे. पण भाचीचा निरोप आधीच आला आहे: डबे या वेळी आम्ही लपवणार, आणि दादाअब्बांना म्हणावं, पहिली खूण पाखाडीच्या खालीच ठेवू.