मालकी संपली, जबाबदारी सुरू झाली

दरवर्षी १ जानेवारीला काही लेखकांचे साहित्य खाजगी मालकीतून मुक्त होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे मोजली जातात. ती पुरी झाली की त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन कोणीही छापावे, रंगभूमीवर आणावे, त्याचे भाषांतर करावे. कोणाच्या परवानगीची गरज उरत नाही. साने गुरुजींचे लेखन २०११ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे २०१७ साली आणि मामा वरेरकरांचे २०२५ साली असे समाजाच्या स्वाधीन झाले. जगभरची ग्रंथालये व स्वयंसेवक संपादक या दिवसाचा उत्सव करतात, हे उचितच आहे. परंतु ग्रंथावरील मालकी संपणे आणि तो ग्रंथ वाचकाच्या हाती पडणे, या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

लेखकाला त्याच्या श्रमाचे मोल मिळालेच पाहिजे, याविषयी समाजवाद्यांत दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो मुदतीचा. मूळ कायद्यात ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या ग्रंथांवरील विश्वभारतीचे हक्क १९९१ अखेर संपणार होते. ते टिकविण्यासाठी अध्यादेश निघाला, १९९२ साली कायदा दुरुस्त झाला आणि सर्वच लेखकांच्या बाबतीत मुदत दहा वर्षांनी वाढली. मृत्यूनंतर एकावन्नाव्या वर्षी मिळणाऱ्या मानधनाच्या आशेने कोणीही लेखणी हाती धरीत नाही. म्हणजे या वाढीने नवे साहित्य निर्माण झाले नाही. जुन्या साहित्यावरील मक्तेदारी मात्र लांबली. मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघाचे ग्रंथालय ज्यांच्या नावाने चालते, त्या न. चिं. केळकरांचे निधन १९४७ साली झाले. त्यांचे साहित्य १९९८ च्या आरंभी मुक्त व्हावयाचे, ते २००८ साली झाले. एका थोर संस्थेच्या उत्पन्नाची चिंता साऱ्या भाषांतील वाचकांना अशी दहा वर्षे वाहावी लागली.

हक्क संपल्यावर तरी काय घडते? ‘श्यामची आई’ मुक्त होताच अनेक प्रकाशकांनी तिच्या आवृत्त्या काढल्या आणि वाचकांची सोय झाली. बाजार येथे उपयोगी पडला, कारण खपाची खात्री होती. पण मुंबईच्या गिरणी कामगारांच्या जीवनावरील वरेरकरांच्या ‘धावता धोटा’सारख्या कादंबरीसाठी प्रकाशकांची अशी झुंबड उडत नसते. ज्या पुस्तकाला गिऱ्हाईक थोडे, ते मुक्त झाले काय आणि बंदिस्त राहिले काय, बाजाराला सारखेच. अशी पुस्तके उरतात ती जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत, पिवळ्या पडलेल्या, हात लावताच तुटणाऱ्या पानांवर.

त्यांना वाचविण्याचे काम मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक विनावेतन करीत आहेत. पानाचे छायाचित्र घेतले जाते, यंत्र अक्षरे ओळखते आणि मग माणसाचे काम सुरू होते. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीच्या पुस्तकांत अनुच्चारित अनुस्वार जागोजागी असतात. यंत्र कधी ते टिंब गाळते, कधी कागदावरचा डाग अनुस्वार समजते; जोडाक्षरांत तर त्याची हटकून फसगत होते. म्हणून एकाने तपासलेले पान दुसऱ्याने पुन्हा तपासावे, तेव्हाच ते प्रमाणित व्हावे, असा तेथील दंडक आहे. या श्रमाला प्रसिद्धी नाही, पण त्यावाचून ग्रंथ पुन्हा उभा राहत नाही.

या कामात शिस्तही हवी. मूळ ग्रंथ मुक्त झाला तरी नंतरच्या संपादकाच्या टीपा, नवी प्रस्तावना किंवा भाषांतर यांची मुदत स्वतंत्र असते. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजावी लागतात. दुसऱ्याच्या श्रमावर डल्ला मारणे म्हणजे ज्ञानाचे समाजीकरण नव्हे. त्याचप्रमाणे सरकारी पैशाने संगणकावर आणलेले मुक्त ग्रंथ शुल्काच्या कुलपात ठेवणे हेही अक्षम्य मानले पाहिजे.

उपनगरांतील कार्यकर्त्यांसमोर एक निश्चित तारीख आहे. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहून ज्यांनी कष्टकऱ्यांचे साहित्य लिहिले, ते अण्णा भाऊ साठे १८ जुलै १९६९ रोजी निवर्तले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य १ जानेवारी २०३० रोजी मुक्त होईल. त्या दिवसाची वाट पाहत स्वस्थ बसण्याचे कारण नाही. स्वतःच्या संग्रहातील ग्रंथ जतनासाठी संगणकावर साठविण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांना दिलेली आहे. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या ग्रंथालयांनी जुन्या आवृत्त्यांची यादी करावी, पाने टिपून ठेवावीत. निवृत्त शिक्षकांनी आणि महाविद्यालयीन तरुणांनी आठवड्यातील दोन तास अक्षरे तपासण्यास द्यावेत. आज वरेरकरांच्या आणि केळकरांच्या पानांवर हात बसला, तर २०३० च्या पहिल्याच दिवशी अण्णा भाऊंचे शब्द चिरागनगरातील मुलाला विनामूल्य वाचता येतील. कायदा फक्त दार उघडतो. ग्रंथ वस्तीपर्यंत नेण्याचे काम कार्यकर्त्यांनाच करावे लागेल.