देवीचे खरे पातळ

आमच्या देहूरोडहून लोणावळ्याची लोकल पकडली, की तळेगाव, कामशेत मागे पडून मळवली येते. मंडळी तिथे उतरतात ती कारल्याची लेणी नाही तर लोहगड पाहायला. पण वाचकहो, तुमच्या-आमच्या आज्यांच्या देवघरातली लक्ष्मी एके काळी याच मळवलीहून घरोघर गेली, हे त्या स्टेशनावर उभे राहून कुणाच्या ध्यानात येत नाही. माझ्याही आले नव्हते. आले ते आत्याच्या एका हट्टामुळे.

मागल्या नवरात्रात घर झाडताना आजीच्या लक्ष्मीची तसबीर खिळ्यावरून निसटली. काच फुटली, पाहतो तो कागदाला एका कोपऱ्यातून कसर लागलेली. आत्या म्हणाली, "भंगलेला देव घरात ठेवू नये. इंद्रायणीत सोडून ये." माझे म्हणणे, तसबीर रविवर्म्याची आहे, ती पाण्यात कशी सोडायची? त्यातच पुण्याच्या एका जुन्या वस्तू घेणाऱ्याने तिला चार आकडी किंमत बोलून ठेवली आहे, हे आमच्या चिरंजीवांनी आत्यासमोरच सांगून टाकले. झाले! आत्या दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्या दोन दिवसांत मी पुस्तके उघडून बसलो. जी कुणी पाहिली नाही त्या देवीचे चित्र काढायचे म्हणजे काय, हा प्रश्न राजा रविवर्म्यापुढे (१८४८–१९०६) होताच. तेलरंग त्याने त्रावणकोरच्या दरबारी बहुतांशी पाहून पाहून उचलले. थिओडोर जेन्सन नावाचा गोरा चित्रकार तिथे आला, तेव्हा त्याचे काम न्याहाळणे हीच शिकवणी. पुढे सयाजीराव गायकवाडांनी पुराणांतल्या प्रसंगांची चौदा चित्रे सांगितली, तेव्हा दमयंती काय नेसली असेल हे शोधायला हा गृहस्थ आपल्या भावाला, राजराजवर्म्याला, घेऊन उत्तरेकडे हिंडला. सर्वांना आपला वाटेल असा पोशाख काही सापडला नाही. आपल्याकडचे लुगडे मात्र त्याच्या मनात भरले, असे म्हणतात. न पाहिलेली देवी पाहिलेल्या पातळात उभी राहिली, ती अशी!

ही चित्रे छापून घरोघर पोचवावीत, ही सूचना तंजावरच्या मराठी घराण्यातले दिवाण टी. माधवराव यांची. १८९४ साली मुंबईत छापखाना निघाला आणि १८९९ साली तो मळवलीला आला. कर्ज मात्र हटेना. काही वर्षांतच तो श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्यापूर्वी याच छापखान्यासाठी काम करीत होते.

छपाई व्हायची दगडावर. बव्हेरियातला गुळगुळीत चुनखडीचा दगड. त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचे, तेही उलटे. मग दगड ओला करायचा. पाणी कोऱ्या जागी धरते, शाई तेलकट रेघेवर बसते. पण एका दगडाला रंग एकच! गालाची लाली वेगळ्या दगडाची, कमळाचा गुलाबी वेगळ्याचा. तोच कागद पुन्हा पुन्हा दाबाखाली जायचा. केसभर सरकला की देवीला दोन नाके. शेवटी वर वार्निशाचा हात. मूळ चित्रकार एक, पण आजीच्या लक्ष्मीवर हात किती फिरले असतील ते मोजायची सोय नाही. १९७२ साली छापखान्याला आग लागली आणि बरेच काही जळून गेले.

शेवटी मी आत्याला म्हटले, "नदीवर नेण्याआधी निदान फ्रेमवाल्याला दाखवू." ती कशीबशी कबूल झाली, आणि रिक्षात बसून स्वतः आली.

आता सांगायचे म्हणजे, आमच्या लक्ष्मीला आजीने स्वतः सजवले होते. त्या काळी पुष्कळ घरांतून तसबिरींवर जर, टिकल्या, मणी चिकटवीत. आजीने आपल्या लग्नातल्या शालूचा तुकडा बेतून देवीला नेसवला होता. फ्रेमवाल्याने पाठीची फळी काढली, खळ वाळून गेलेली, आणि तो तुकडा अलगद सुटून आला. खाली छापलेले पातळ. चेहरा, हात, हत्ती, सगळे पिवळटून गेलेले. पण कापडाखाली उजेडच पोचला नव्हता. लालभडक! जणू कालच दगडावरून उतरले आहे. काठाशी छापखान्याचे नाव आणि 'लोणावळा' एवढेही वाचता आले.

मी हरखून म्हटले, "आत्या, आता हे असेच उघडे ठेवू. हा रविवर्म्याचा खरा रंग."

आत्याने बराच वेळ त्या लालावरून बोट फिरवले. मग म्हणाली, "मी आईच्या मांडीवर बसून पाहिली ती ही नव्हे रे. ती शालू नेसलेली होती."

इंद्रायणीचे नाव तिने पुन्हा काढले नाही. वसुबारसेच्या दुपारी तिने मैद्याची खळ शिजवायला घेतली. पुन्हा कसर लागेल अशी मी कुरकुर केली, तेव्हा तिने वर न पाहता सांगितले, "बुकबायंडरकडून चिमूटभर मोरचूद आण. आणि येताना जरीच्या टिकल्याही बघ, दोन गळाल्या आहेत."